बारा संक्रांती, तिळगुळाविना

अप्पांच्या घरात भाड्याने राहणाऱ्या माणसाला दर अकरा महिन्यांनी एकदा बेघर व्हावे लागे. साधारण अर्धा तास. करारनाम्याची मुदत संपेल त्या सकाळी ते माझ्या दारावर तीनदा टकटक करत, माझे नाव वडिलांच्या नावासकट खणखणीत उच्चारत, आणि माझी पत्र्याची ट्रंक स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवत. मी ट्रंकेवर बसून राही. सड्याचा ओला वास पायांशी रेंगाळत असे आणि शेजारच्या गोठ्यातून शेळ्यांचा उबदार, आंबूस दरवळ येत असे. आत अप्पा रिकाम्या खोलीच्या चारही कोपऱ्यांत क्रमाने उभे राहत. माझे काही तिथे मागे उरलेले नाही अशी खात्री झाली, की बाहेर येऊन किल्ली पुन्हा माझ्या तळहातावर ठेवत.

"या बाई. आता नव्यानं या."

पहिल्या वर्षी मी विचारले होते, "अप्पा, मी का तुमची खोली बळकावणार आहे?"

"तुमी न्हाई ओ बळकावनार. पर मानूस एका जागी लई दिवस बसला, की जागाच त्याला बळकावती. मग ते ना त्याला कळतं, ना कोर्टाला."

युसूफ वडगावला मी मराठी शिकवण्याच्या नोकरीवर गेले तेव्हा अप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. तालुक्याच्या कोर्टात ते बेलिफ होते. कोर्टाचे समन्स गावोगाव पोचवायचे, जप्ती करायची, निकाल लागला की हरलेल्याच्या ताब्यातली जागा जिंकलेल्याच्या ताब्यात द्यायची, हे त्यांचे काम. सायकलीवरून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला होता. नोकरी संपली, पण ती अंगात राहिली ती राहिलीच. माझे टपाल आले तरी ते नुसते हातात देत नसत. आधी नाव, मग वडिलांचे नाव, मग "हेच ना तुमी?" हा प्रश्न, आणि मी "मिळाले" म्हणेपर्यंत पाकिटाचे एक टोक त्यांच्या चिमटीत. मी घरी नसले तर ते कणकेची खळ शिजवून पाकीट दारावर डकवत आणि खाली लिहीत: दोन साक्षीदारांसमक्ष डकवले. साक्षीदार म्हणून एकदा शेजारच्या दोन शेळ्यांची वर्णने होती. एक काळी, एक ठिपक्यांची.

'मुदत' हा शब्द त्यांच्या बोलण्यात मिठासारखा असे. करारमदाराला तीन वर्षे, खाजगी जमिनीला बारा, सरकारी जागेला तीस. एवढ्या अवधीत ज्याने दाद मागितली नाही, त्याची दाद संपली. झोपलेल्याला कायदा उठवत नाही, हे वाक्य ते सकाळी मला उठवताना म्हणत. रागालाही त्यांनी मुदत लावली होती. धर्मापुरीच्या मेव्हण्याने एका जेवणावळीत त्यांचा पाणउतारा केला होता. अप्पा त्याच्याशी तीन वर्षे एक शब्द बोलले नाहीत. तीन वर्षे उलटून एक दिवस झाला, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या दारात हजर झाले. "तुझा गुन्हा काल मुदतबाह्य झाला," ते म्हणाले. मेव्हण्याला गुन्हा तर आठवत नव्हताच. पण तीन वर्षे हा माणूस आपल्याशी अबोला धरून होता, हेही त्याला पेढा खाताना पहिल्यांदा कळले.

असा हा माणूस, ज्याच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नाही, तो बारा वर्षे एका बाईचा शत्रू होता. शत्रू होण्याचे त्याने ठरवले होते. मी राहायला गेले तेव्हा त्या शत्रुत्वाला पाच वर्षे पूर्ण झाली होती.

बाई म्हणजे शेजारच्या गोदामावशी. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरे होती. नवरा असेपर्यंत त्या वर्षातले आठ महिने कळपामागे, पालात राहत. नवरा गेला, कळप विकला, दोन शेळ्या उरल्या. मुलगा भागवत आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जात ते थेट पाडव्याच्या सुमारास परतत. मधले महिने मावशी एकट्याच. त्यांच्या हाताला नेहमी शेळीच्या दुधाचा आणि बाभळीच्या शेंगांचा वास येई, आणि हसल्या की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाण्यात खडा पडावा तशा पसरत जात.

वादाचे कारण होते अप्पांचा ओटा. शहाबादी फरशीचा, साडेतीन हात रुंद, भर वैशाखातही तळव्यांना गार लागणारा. घराला दार एकच, आणि ते या ओट्यावर उघडे. उरलेल्या तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. त्यामुळे ओटा नसता तर उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवायला अप्पांजवळ आपले म्हणून काहीच उरले नसते. ओट्याच्या कडेला त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला मोगरा होता. संध्याकाळी त्या मोगऱ्याशेजारी खुर्ची टाकून, काही न बोलता, ते दिवेलागणीपर्यंत बसत. एवढीच त्यांची चैन.

घर बांधताना अप्पांनी हद्द स्वतः मोजली होती. उभी हयात दुसऱ्यांच्या हद्दी दाखवणाऱ्या माणसाला आपल्या हद्दीसाठी कोणाला बोलवावेसे वाटले नसणार. दोन्ही घरांच्या मध्ये एक चिरा रोवलेला होता. हद्दीचा दगड समजून त्यांनी त्याच्यापासून टेप धरली. निवृत्तीनंतर केवळ हौसेने त्यांनी सरकारी मोजणी करून घेतली, आणि मोजणीदाराने थंडपणे सांगितले, की ओटा सगळाच्या सगळा शेजारच्या जागेत आहे. तो चिरा हद्दीचा नव्हता. मावशींच्या सासऱ्यांनी तो हद्दीलगत शेळी बांधायला रोवला होता. आणि एका उन्हाळ्यात, शेळीला कडुलिंबाची सावली मिळावी म्हणून, साडेतीन हात आपल्याच अंगणात आत सरकवला होता. ज्या माणसाने कोर्टाच्या शिक्क्यानिशी शेकडो माणसांना त्यांची जागा दाखवली, तो स्वतः एका शेळीच्या सावलीपायी चुकला होता.

दुसरा कोणी मावशींकडे गेला असता, चूक कबूल करून मोकळा झाला असता. अप्पांना मागणे ठाऊक नव्हते, आणि कायदा फार ठाऊक होता. त्यांनी मला तो समजावून सांगितला. "मागून घेतलेली जागा जन्मभर दुसऱ्याचीच राहती, बाई. तिथं शंभर वर्षं बसा, तुमी पाहुनेच. पर दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध, त्याच्या डोळ्यांदेखत, उघडपनी दाबून बसलात आन् तो बारा वर्षं कोर्टात गेला न्हाई, तर जागा तुमची. त्याला प्रतिकूल ताबा म्हनत्यात. पर त्यात दुश्मनी पाह्यजे. दुश्मनी नसंल तर समदं फुकट."

म्हणून त्यांनी दुश्मनी जाहीर केली. तो दिवस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा, करीचा होता. तो प्रसंग मी दोघांच्याही तोंडून इतक्यांदा ऐकला, की आता तो मला माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसतो. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाशी उभे. पलीकडे मावशी शेळीचे दूध काढत बसलेल्या.

"जागामालक, ऐका," अप्पा म्हणाले. कालपर्यंत ते त्यांना वैनी म्हणत. "ह्या ओट्याखालची साडेतीन हात जागा तुमची हाय. म्या ती तुमच्या मर्जीविरुद्ध दाबलीय. आजपासून."

"दाबा की," मावशी धारेवरून नजर न काढता म्हणाल्या. "ओटा तुमचा हाय. तुमी न्हाई दाबायचा, तर कुनी?"

"मर्जीविरुद्ध म्हन्लो मी."

"आसू द्या. माझी मर्जी हाय."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "आवो, तुमी न्हाई म्हना."

"कावून न्हाई म्हनू?"

"म्हंजे बारा वर्षांनी जागा माझी व्हईल."

"न्हाई म्हनलं तर तुमची व्हईल, आन् हो म्हनलं तर न्हाई?"

"हां. कायदाच तसा हाय."

"मग त्या कायद्याला जरा घोटभर चहा पाजा अप्पा, उपाशी दिसतोय." दुधाचे भांडे उचलून त्या उठल्या. "मला न्हाई म्हनायला जमायचं न्हाई. आमी उभा जन्म दुसऱ्याच्या रानात पाल टाकून काढला. जिथं गेलो तिथं कुनीतरी बसा म्हनलं, म्हनून बसलो. आता मी कुनाला उठ म्हनू?"

त्या दिवसापासून अप्पांनी निळ्या पुठ्ठ्याचे एक जाड रजिस्टर सुरू केले आणि त्यावर वळणदार अक्षरांत लिहिले: दुश्मनी. ते ओट्यावरच्या कोनाड्यात असे, कोणीही वाचावे असे उघडे. उघडपणा ही तर कायद्याची अटच होती. मी ते दुपारच्या वेळी, फरशीच्या गारव्यात पाय सोडून, कवितेसारखे वाचत असे. 'आज जागामालकाने वांग्याचे भरीत पाठवले. परत केले. वास चांगला होता.' 'आज जागामालकाची ठिपक्यांची शेळी ओट्यावर येऊन बसली. शेळी बसली म्हणजे मालक बसला असा अर्थ निघू शकतो. सबब शेळीस उचलून खाली ठेवले. शेळी पुन्हा बसली. पुन्हा ठेवले. एकूण नऊ वेळा.' खोटे एक अक्षर नाही. समन्सच्या अहवालात दाराला कुलूप असले तर कुलूप लिहायचे, माणूस असला तर माणूस, हे त्यांच्या हाताला मुरलेले होते.

दर वर्षी करीच्या सकाळी दुश्मनीचा पुकारा होई. जप्तीच्या वेळी दवंडी पिटतात तशी अप्पा स्वतःविरुद्ध पिटवत. हलगीवाला सटवाजी तुराट्यांच्या जाळावर हलगी शेकत बसे. तापत जाणाऱ्या कातड्याचा करपट वास गल्लीभर पसरे, आणि मग ती कडाडू लागे. "ऐका हो ऐका. ह्या घरचे अप्पा गोदाबाईच्या जागेवर बेकायदा बसल्यात हो. कुनाची हरकत असंल तर बोला हो." लोक दारात येऊन ऐकत आणि हसून परत जात. हरकत घेण्याचा अधिकार एकट्या मावशींना, आणि त्या सटवाजीसाठी तांब्याभर पाणी नि गुळाचा खडा घेऊन कुंपणाशी उभ्या असत. "दम खा रं जरा," त्या त्याला म्हणत. "किती वरडतोस. बसू दे त्यांना." अप्पा निमूट कोनाड्याकडे वळत आणि तेही लिहून काढत.

खरे संकट करीचे नसे. आदल्या दिवसाचे असे. संक्रांतीला तिळगूळ हातावर पडला आणि 'गोड बोला' म्हणून तो खाल्ला, तर दुश्मनी कुठे राहिली? सकाळपासून मावशींच्या घरातून भाजल्या तिळांचा खमंग, तडतडता वास भिंत ओलांडून येऊ लागे, तसे अप्पा अस्वस्थ होत. दहाच्या एसटीने ते सिरसाळ्याला निघून जात आणि दिवसभर तिथल्या स्थानकाच्या बाकावर, कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसत. एकदा मावशींनी तिळगुळाची पुडी ओट्यावर ठेवून दिली. संध्याकाळी परतलेल्या अप्पांनी ती बराच वेळ पाहिली. रजिस्टरातली नोंद अशी: 'जागामालकाचा तिळगूळ मुंग्यांनी स्वीकारला. मुंग्या माझ्या वतीने नाहीत.'

सातव्या वर्षी त्यांना आपली दुश्मनी फार सौम्य वाटू लागली. एका संध्याकाळी ते माझ्यापुढे उभे राहिले, आधी खाकरले.

"बाई, तुमी मराठीच्या. एखादा कडक शब्द सांगा. पर आई-बहिनीवरचा नको. आन् त्यांच्या मनाला लागंल असा बी नको."

ही अट पुरी करणारा अपशब्द भाषेत शोधणे मला जड गेले. शेवटी मी 'कृतघ्न' सुचवला. अप्पांनी तो कागदावर लिहून घेतला, दोन दिवस पुटपुटत घोकला, आणि तिसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन डोळे मिटून म्हणाले, "जागामालक, तुमी कृतघ्न हायत."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. "म्हंजे काय वं बाई?"

"केलेले उपकार विसरणारा माणूस," मी सांगितले.

मावशी विचारात पडल्या. "आसंन बी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "ह्यांच्या मालकिनीनं माझ्या बाळंतपनात लई केलतं. म्या काय फेडलं?" आणि त्या संध्याकाळी भरलेल्या दोडक्याची वाटी ओट्यावर आली. ती परत करताना अप्पांनी वाटी दोन्ही हातांनी धरून नेली.

नवव्या वर्षी, पौषात, मावशींना ताप आला. भागवत दूर कुठल्याशा उसाच्या फडात. तिसऱ्या दिवशी शेळ्या धारेसाठी ओरडत राहिल्या आणि घरातून धूर निघाला नाही, तेव्हा अप्पा कुंपण ओलांडून आत गेले. रिक्षा आणली, केजच्या दवाखान्यात नेले, चार दिवस खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. मी डबा घेऊन गेले तेव्हा सलाइनचे थेंब मोजत होते. परत आल्यावर मात्र त्यांनी आधी रजिस्टर उघडले. 'दुश्मनी स्थगित. कारण ताप. कोर्टाच्या सुट्ट्या मुदतीतून वगळतात त्या धर्तीवर हे चार दिवस वगळावेत. बारा वर्षे चार दिवस उशिरा भरतील.'

ती भरली. बारावी संक्रांतही सिरसाळ्याच्या बाकावर गेली, कर झाली, वरचे चार दिवस झाले. अप्पांनी दाव्याचा मसुदा लिहायला घेतला. पहिला फाडला, दुसरा फाडला. साक्षीदारांच्या नावांपाशी येऊन त्यांचा टाक थांबे.

"तुमी गवाह, बाई," ते म्हणत. "आमची दुश्मनी तुमी डोळ्यांनी पाह्यली."

मी डोळ्यांनी काय पाहिले होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पाडव्यानंतर भागवत परतला. या वेळी त्याने कोयता पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगला आणि आईला सांगितले, की तो आता खाली उतरणार नाही. त्याला पिठाची गिरणी घालायची होती. त्याने मोजणीचा अर्ज केला. चैत्राच्या एका सकाळी तिवईवरचे यंत्र घेऊन मोजणीदार आला. लिंबाचा मोहोर त्याच्या कागदांवर गळत होता. त्याच्या माणसाने लाल रंगाचा ठिपका नेऊन टेकवला तो नेमका अप्पांच्या उंबऱ्याच्या दगडावर.

"काका, मला तुमचं घर मोडायचं न्हाई," भागवत म्हणाला. तो खाली पाहत होता. त्याच्या बोटांवर उसाच्या पात्यांचे काप काळे पडलेले होते. "पर गिरनीचं दार रस्त्याकडं पाह्यजे. पोत्यांची गाडी वळाया जागा लागती. पोरगी पाचवीला गेली, आन् दर साली तिची निम्मी शाळा फडात बुडायली. मला कोयता सोडायचाय. ओटा काढावा लागंल."

अप्पा खुर्चीत बसून होते. मोगऱ्याला पहिल्या कळ्या आल्या होत्या.

मोजणीदाराने जबाबाचा कागद काढला. "ओटा किती वर्षांपासून आहे?"

"लई वर्षं झाली," भागवत म्हणाला.

"आजी, मालक तुम्ही. यांना इथे बसायला तुम्ही कधी परवानगी दिली होती का?"

मावशी लिंबाखाली बसल्या होत्या. त्या उठल्या. पदर कमरेला खोचला. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. सुरकुत्या सगळ्या आवळून घेतलेल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

अप्पांनी मान वर केली.

"कदीच दिली न्हाई. ह्यो मानूस माझा वैरी हाय. बारा वर्षं माझ्या जागेवर दडपून बसलाय. तोंड बगा त्याचं. चोर हाय. लबाड हाय. आन् त्यो..." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, काय वं त्यो शब्द?"

"कृतघ्न," मी हळू आवाजात म्हणाले.

"हां. त्यो बी हाय."

"आये, काय बोलायलीस तू?" भागवत पुढे झाला. "जागा जाईल ना आपली."

"तू गप. मला इचारलंय त्यांनी."

मोजणीदाराचे पेन कागदावर टेकले. ज्या एका शब्दासाठी अप्पांनी बारा वर्षे हलगी वाजवली, एसटीचे बाक झिजवले, भरीत परत केले, तो शब्द आता शाईत उतरत होता. एवढे निमूट बसून राहिले असते तर ओटा त्यांचा होता. त्यांचे कान लाल झाले. मग ते उठले.

"थांबा साहेब. जागामालक खोटं बोलायल्यात."

कोनाड्यातून त्यांनी रजिस्टर काढले, चष्मा लावला, आणि समन्स वाचावे तशा खणखणीत आवाजात वाचू लागले. "पयलं वर्ष, कर. जागामालक म्हणाले, दाबा की, माझी मर्जी आहे. दुसरं वर्ष, कर. जागामालक म्हणाले, ओट्याची फरशी निघालीय, चुना लावून घ्या. तिसरं वर्ष. जागामालक म्हणाले, ऊन लागतं, वर पत्रा टाका." पान उलटत होते, लिंबाचा मोहोर पानांवर पडत होता, आणि एकेका वर्षाची परवानगी तारखेनिशी उजेडात येत होती. मध्ये भरीत आले, दोडका आला, ताप आला. बारावे वर्ष वाचून झाले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"कोर्टाला जन्मभर खरे अहवाल दिले साहेब. शेवटचाच खोटा कसा देऊ?"

"मग तुमचा ताबा प्रतिकूल ठरत नाही," मोजणीदार म्हणाला. "हक्क राहत नाही तुमचा."

"न्हाई राहत. पयल्या दिवशीच गेलता. मला वाटलं, कदीतरी न्हाई म्हनतील."

मावशी मटकन खाली बसल्या. "जन्मात पयल्यांदा एकदा न्हाई म्हनले," त्या म्हणाल्या, "आन् त्ये बी ह्या मानसानं मोडून काढलं."

ठिपक्यांची शेळी सवयीने ओट्यावर चढली आणि लाल ठिपका हुंगून बसली. तिला कोणी उचलले नाही. भागवत अंगणात इकडून तिकडे पावले टाकू लागला. गोठ्यापाशी गेला, तिथून मागच्या बोळाकडे पाहत उभा राहिला.

"दार बोळाकडून काढलं तर?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गोठा हलवावा लागंल."

"हलव की," मावशी म्हणाल्या. "शेळ्या दोनच हायत. त्यांना कुठं गाडी वळवायचीय?"

ओटा वाचला होता. पण अप्पांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. रजिस्टर मांडीवर घेऊन ते हिशेब चुकलेल्या माणसासारखे बसले होते.

"आता काय झालं?" मावशींनी विचारले.

"आता परवानगीवर बसायचं झालं," अप्पा म्हणाले. "आन् परवानगी देनाऱ्याच्या हयातीपुरती असती, वैनी. तुमी गेला, की ती बी गेली."

बारा वर्षांनी ते वैनी म्हणाले होते. भागवत काहीतरी सांगायला पुढे झाला, तर मावशींनी त्याला हातानेच थांबवले.

"मग मला जाऊ दिऊ नका," त्या म्हणाल्या. "गरज तुमची हाय."

बोळाच्या बाजूने गिरणी सुरू झाली. दुपारभर तिची घरघर ऐकू येई आणि ताज्या ज्वारीच्या पिठाचा कोमट वास मोगऱ्यावर पातळसा बसे. अप्पांना मात्र ओट्यावर बसायला आता सवड नव्हती. रोज सकाळी ते मावशींच्या दारावर तीनदा टकटक करत, पूर्ण नाव, नवऱ्याचे नाव उच्चारत आणि रक्तदाबाची गोळी पाण्याच्या पेल्यासह समोर धरत. मावशी "मिळाली" म्हणत नाहीत तोवर पेल्याची एक कड अप्पांच्या चिमटीत असे. पायरीला त्यांनी कठडा बसवून घेतला. पापडाला मीठ किती घातले याची चौकशी होऊ लागली. "दुश्मनी परवडली," मावशी मला म्हणत. "तवा निदान खाऊ तरी देत हुते."

पुढच्या संक्रांतीला दहाची एसटी अप्पांना न घेता गेली. मावशींनी तिळगूळ पुढे केला. अप्पांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि तोंडात टाकून डोळे मिटले. तीळ दाताखाली फुटल्याचा बारीक आवाज मला कुंपणापलीकडे ऐकू आला.

दुसऱ्या सकाळी, वहिवाटीप्रमाणे, सटवाजी आला. जाळ केला, हलगी शेकली, आणि मग अडखळला. "अप्पा, आता काय पुकारू? दुश्मनी तर खारीज झाली."

अप्पांनी विचार केला आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले. सटवाजीने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका. गोदाबाई ठनठनीत हायत हो. जेवल्या हायत, गोळी घेतली हाय. गावानं ध्यानात ठेवावं हो."

"हळू वाजीव रं," मावशी आतून ओरडल्या. "छातीत धडधडाया लागलंय माझ्या."

अप्पांनी झेप घेऊन हलगीच्या तापल्या कातड्यावर तळहात दाबून धरला, आणि मावशींचा आवाज पुन्हा येईपर्यंत तो तसाच ठेवला.